ताप गेला, दुखणें राहिलें

आपल्या गांवांत कोणास ताप आला म्हणजे शेजारीपाजारी विचारपूस करितात, घरचीं माणसें त्याचें काम वांटून घेतात, आणि आजारी मनुष्यानें अंथरुणावर पडून राहावें यांत कोणास कांहीं वावगें वाटत नाहीं. परंतु ताप उतरला, तोंडास चव आली, मनुष्य ओट्यावर येऊन बसूं लागला, कीं त्या दिवसापासून तो बरा झाला असें सर्वजण धरून चालतात. पुढें तो “बोटें वळत नाहींत,” “गुडघे धरले आहेत,” “चार पावलें चाललों कीं धाप लागते,” असें म्हणूं लागला, तर पहिले आठ दिवस लोक ऐकून घेतात, पुढचे आठ दिवस उपाय सुचवितात, आणि महिना उलटला म्हणजे हंसूं लागतात. अशा मनुष्याची तक्रार कितपत खरी, ती किती जणांस होते, किती दिवस टिकते, आणि त्यानें व त्याच्या घरच्यांनीं काय करावें, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

आम्ही डॉक्टर नाहीं व वैद्यहि नाहीं. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेले व आतां घरची शेती पाहणारे असे आम्ही या मासिकाचे एक जुने वाचक आहों. औषधाची चिठ्ठी लिहून देण्याचा आमचा अधिकार नाहीं. तथापि आंकडे पारखून घेणें हा आमचा जन्माचा धंदा होता, आणि या विषयांत आमच्या हातून एक मोठी चूक घडली आहे. या दोन कारणांमुळें लेखणी हातीं घेतली आहे.

आमची चूक

२००६ सालच्या पावसाळ्यांत आमच्या बाजूस चिकुनगुनियाची मोठी सांथ आली, ती वाचकांपैकीं पुष्कळांच्या स्मरणांत असेल. घरटीं एक दोन माणसें अंथरुणावर, अशी कित्येक गांवांची स्थिति होती. आमचा धाकटा भाऊ श्रावणांत आजारी पडला. ताप चार दिवसांत उतरला, अंगावरचें पुरळ आठ दिवसांत मावळलें. पण मनगटें, घोटे व हाताचीं बोटें धरलीं तीं सुटेनात. सकाळीं उठल्यावर तास दीड तास त्यास पाण्याचा तांब्या उचलतां येत नसे; उन्हें चढलीं म्हणजे तो जरा मोकळा होई. त्या वेळीं आम्ही तालुक्याच्या गांवीं नोकरीस असूं. रविवारीं दुपारपर्यंत घरीं पोहोंचत असूं व सोमवारीं पहांटे परतत असूं. म्हणजे आम्ही त्यास जें पाहत होतों तें दुपारचें व संध्याकाळचें. त्याची सकाळ आमच्या दृष्टीस कधीं पडलीच नाहीं.

हस्ताचा पाऊस झाला आणि शाळूची पेरणी सुरू झाली. आम्ही रजा काढून पेरणीस आलों. आमच्या घरीं चाड्यावर मूठ धरण्याचें काम नेहमीं भावाचेंच. त्याच्या हातची पेर ओळीनें सारखी उगवे. त्या दिवशीं त्यानें चार तासें कशीबशीं धरलीं. परंतु बोटांवर ताबा नसल्यामुळें बी मुठींतून सारखें सुटेना, एका नळ्यांत दाट व दुसऱ्यांत विरळ पडूं लागलें. त्यानें मूठ सोडली व बांधावर जाऊन बसला. तेव्हां चार माणसांदेखत आम्ही त्यास म्हणालों, “ताप जाऊन दोन महिने झाले, आतां हें ढोंग पुरे.” तो कांहीं बोलला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं तो बाजाराच्या गांवीं जाऊन एकाकडून सुई टोंचून आला. दोन दिवस त्याचें अंग हलकें झालें व त्यानें दिवसभर काम केलें. तिसऱ्या दिवसापासून पूर्वीपेक्षां अधिक सूज आली. तशा सुया त्यानें त्या हंगामांत पांच सहा घेतल्या. ज्वारी काढावयाच्या वेळींहि त्याची मूठ आवळेना. शेवटीं त्याच्याकडे असलेलें चार एकर रान बटईनें द्यावें लागलें. पुरा मोकळा तो पुढील वर्षीं मृगाच्या तोंडास झाला.

त्याच हंगामांतील आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या जोडींतील एका बैलास उन्हाळ्यांत लाळ्या खुरकूत होऊन गेलें होतें. तोंडांतील व खुरांतील जखमा केव्हांच भरल्या होत्या. परंतु बैल उन्हांत उभा राहिला तरी धापा टाकी, आणि त्याच्या अंगावरचे केंस लांब व राठ झाले होते. खुरकूत होऊन गेलेल्या जनावरांत कांहींचें असें होतें, हें आपणां शेतकऱ्यांस नवें नाहीं. आम्ही त्या बैलास पेरणीस जुंपला नाहीं; शेजाऱ्याचा बैल भाड्यानें आणला, व आपला बैल झाडाखालीं बांधून त्यास पेंड चालू ठेविली. खुरकूत हाहि विषाणूचाच रोग आहे. एकाच घरांत, एकाच महिन्यांत, बैलाचें राहिलेलें दुखणें आम्हांस खरें वाटलें, आणि सख्ख्या भावाचें ढोंग वाटलें. दोन वर्षांनीं आमची वांटणी झाली. ती त्या एका शब्दामुळें झाली असें नाहीं. परंतु वांटणीच्या दिवशीं तो शब्द निघाला.

हा ताप कोठला

चिकुनगुनिया हें नांव आफ्रिकेंतील माकोंडे लोकांच्या भाषेंतून आलें असून त्याचा अर्थ ‘वांकवून टाकणारा’ असा आहे. १९५२-५३ सालीं त्या वेळच्या टांगानिका, म्हणजे आतांच्या टांझानिया, देशाच्या दक्षिणेस माकोंडे पठारावर जी सांथ झाली तींत या विषाणूची प्रथम ओळख पटली. आपल्या देशांत १९६३ सालीं कलकत्ता, १९६४ सालीं मद्रास, १९६५ सालीं नागपूर, आणि १९७३ सालीं बार्शी येथें त्याच्या सांथी झाल्या. त्यानंतर सुमारें बत्तीस वर्षें मोठी सांथ आली नाहीं. त्यामुळें २००५-०६ सालीं रोग परत आला तेव्हां तरुण पिढीपैकीं बहुतेकांच्या अंगीं त्याविरुद्ध शक्ति तयार झालेली नव्हती. शिवाय या खेपेचा विषाणु आफ्रिकेकडून आलेल्या निराळ्या वंशाचा होता. सरकारी मोजणीप्रमाणें एकट्या २००६ सालीं देशांत संशयित रोगी सुमारें १३ लाख ९० हजार झाले. रोग तेव्हांपासून आपल्याकडे ठाण मांडून आहे. २०२४ सालीं पुणें व नागपूर या बाजूंस त्यानें पुनः डोकें वर काढलें, आणि त्या पावसाळ्यांत मुलाकडे पुण्यास गेलों असतां आम्हांसहि त्यानें गांठलें.

या रोगानें मनुष्य क्वचितच दगावतो. त्याचा खरा त्रास ताप गेल्यानंतरचा आहे. म्हणूनच, ताप गेल्यावर मागें काय राहतें हें समजून घेण्यास याच्यासारखें दुसरें उदाहरण नाहीं.

किती जणांस मागें राहतें

येथें आंकडे सांगण्यापूर्वीं एक सावधगिरी सांगणें जरूर आहे. गांवाची पैसेवारी काढतांना कोणी केवळ बुडालेलीं शेतें पाहून आला, तर त्याच्या कागदावर सारा गांव बुडालेला दिसेल. रोगाच्या आंकड्यांचें तसेंच आहे. जे रोगी दवाखान्यांत गेले ते मुळांतच अधिक आजारी होते. त्यांच्यावरून काढलेलें प्रमाण नेहमीं मोठें येतें. घरोघर फिरून काढलेलें प्रमाण त्याहून लहान येतें. दोन्ही खरीं असतात. परंतु कोणतें प्रमाण कोणाचें हें विचारल्याशिवाय त्याचा उपयोग करूं नये.

मादागास्करच्या पूर्वेस हिंदी महासागरांत रियुनियन नांवाचें फ्रेंच अंमलाखालील बेट आहे. ऊंस हें तेथील मुख्य पीक. २००५-०६ सालीं तेथें चिकुनगुनियाची जी सांथ झाली तींत बेटावरील एक तृतीयांशाहून अधिक लोकांस लागण झाली. आपल्याकडील सांथीचा विषाणु व तेथील विषाणु एकाच वंशाचे. तेथील दवाखान्यांत आलेल्या ८८ मोठ्या माणसांची सुमारें दीड वर्षानें चौकशी केली, तेव्हां शेंकडा ६४ जणांचे सांधे अजून दुखत होते. हा झाला दवाखान्याचा आंकडा.

पुढें तेथील सर्वसामान्य लोकांतून दोन वर्षांनंतर चौकशी करण्यांत आली. या चौकशींत एक मोठें शहाणपण होतें: रक्त तपासून ज्यांस रोग झाल्याचें ठरलें होतें त्यांसहि विचारलें, आणि ज्यांस झालाच नव्हता त्यांसहि विचारलें. रोग होऊन गेलेल्यांत शेंकडा ४३ जणांनीं सांधे व स्नायू दुखत असल्याचें सांगितलें; रोग न झालेल्यांतहि शेंकडा १७ जणांनीं तेंच सांगितलें. कष्टाचें काम करणाऱ्यांचे व वय झालेल्यांचे सांधे एरवींहि दुखतातच. तेव्हां रोगाच्या खातीं घालावयाची रक्कम ४३ नव्हे. त्यांतून १७ वजा करून उरलेली सुमारें २६ ती. म्हणजे दोन वर्षांनंतरहि चारांतील एकाचें दुखणें या रोगाच्या नांवें लिहावें लागतें. ही बाकी थोडी नव्हे.

आतां दुसरा दाखला पाहूं. ऑस्ट्रेलियांत न्यू साउथ वेल्स प्रांतांत डब्बो नांवाचें गहूं व मेंढ्या यांच्या मुलखांतील एक गांव आहे. तेथें २५३ रोग्यांवर वर्षभर नजर ठेवून जो तपास झाला तो २००६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत तीन निरनिराळ्या रोगांचे रोगी होते: गळ्याच्या गांठी सुजविणारा एक विषाणूचा ताप, डासांनीं पसरणारा व सांधे धरणारा, चिकुनगुनियाचा भाऊबंद शोभेल असा, रॉस रिव्हर ताप, आणि गुरांमेंढ्यांपासून होणारा क्यू ताप, जो विषाणूचा नसून जंतूचा आहे. ताप गेल्यावरहि अंगांत त्राण नाहीं, अंग दुखतें, डोकें चालत नाहीं, अशी कामास अडथळा करणारी स्थिति सहा आठवड्यांनीं शेंकडा ३५ जणांत होती. तीन महिन्यांनीं २७ जणांत. सहा महिन्यांनीं १२ जणांत. आणि वर्षानें ९ जणांत. तिन्ही रोगांत प्रमाण जवळजवळ सारखेंच होतें.

वसुलीचा उतरता तक्ता ज्यानें पाहिला आहे त्यास हे आंकडे समजावून सांगावयास नकोत. बाकी पुष्कळांकडे राहते. ती महिन्यामहिन्यानें फिटत जाते. पण कांहीं खातीं वर्षाअखेरहि उघडीं राहतात. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, कोणाचें दुखणें लांबेल हें त्या मनुष्याच्या स्वभावावरून किंवा मनाच्या कमकुवतपणावरून ठरत नव्हतें. मुळांतला आजार किती कडक होता यावरून तें मुख्यतः ठरत होतें. ज्याचा ताप जबर, त्याची बाकी जबर. ज्यांनीं आपल्या घरांत कोणास आळशी म्हटलें असेल त्यांनीं हें वाक्य दोनदां वाचावें.

तिसरा दाखला कोविडचा. २०२० व २०२१ सालीं ज्या घरांत तो येऊन गेला त्यांतील पुष्कळांनीं धाप, थकवा, वास न येणें, गोष्टी न आठवणें असे प्रकार अनुभवले. जागतिक आरोग्य संघटनेनें ऑक्टोबर २०२१ मध्यें याची व्याख्या ठरविली: आजार सुरू झाल्यापासून साधारणतः तीन महिन्यांनंतर दिसणारीं, निदान दोन महिने टिकणारीं, व दुसऱ्या कोणत्या रोगानें उलगडा न होणारीं लक्षणें. आरंभीं असे रोगी शेंकडा १० ते २० असावेत असा अंदाज होता. पुढें तो सुमारें शेंकडा ६ वर आला. सहा हा आंकडा लहान दिसतो. पण रोगच कोट्यवधींस झाला असतां शेंकडा सहांत किती घरें आलीं, याचा हिशेब वाचकांनींच करावा.

सारांश, विषाणूचा ताप गेल्यावर पहिला महिना दीड महिना अशक्तपणा राहणें ही नित्याची गोष्ट आहे. तीन महिन्यांपर्यंत तें अपवादात्मक नाहीं. सहा महिन्यांनंतर तें थोड्यांचें राहतें. आणि चिकुनगुनियांत सांध्यांचें दुखणें याहून लांबतें.

असें कां होतें

विषाणु रक्तांत साधारण आठवडाभर असतो. तो गेल्यावर दुखणें कां राहतें? कडब्याच्या गंजीस आग लागली व ज्वाळा विझविल्या, तरी आंत धग राहते, आणि वरून पाहणारास ती दिसत नाहीं. विषाणूशीं लढण्यासाठीं शरीर जी शक्ति उभी करितें ती लढाई संपल्यावर लागलीच शांत होत नाहीं. सांध्यांच्या आंतील अस्तरास सूज आणीत राहते. कांहीं रोग्यांच्या सांध्यांच्या अस्तरांत विषाणूचे अवशेष महिनोन्महिने सांपडले आहेत. ते तेथें असतील तोंवर ही धगहि राहावी, असें तज्ज्ञांचें मत आहे.

दुसरें कारण, जो सांधा आधींच झिजलेला किंवा दुखावलेला असेल तेथें रोग अधिक धरतो. तिसरें कारण, अंथरुणावर पडून राहिल्यानें स्नायू झपाट्यानें उतरतात. पंधरा दिवसांची निजणूक भरून काढण्यास महिना दीड महिना लागतो. चौथें, दुखण्यामुळें झोंप नाहीं, व झोंप नाहीं म्हणून दुखणें अधिक, असें रहाटगाडगें सुरू होतें.

चाळिशी पंचेचाळिशी उलटलेल्यांस, ज्यांचे सांधे पहिल्या आठवड्यांत फार दुखले त्यांस, आधींपासून संधिवात असलेल्यांस, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांस हें मागील दुखणें अधिक होतें. स्त्रियांविषयीं येथें मुद्दाम लिहितों. पुरुष कामावर गेला नाहीं तर दिवस मोडला हें सर्वांस दिसतें. घरांतील बाई पहांटे उठून धार काढते, भाकरी थापते, पाणी भरते. या प्रत्येक कामास मनगट व बोटें लागतात, आणि सकाळची वेळ तर आखडण्याची सर्वांत वाईट. पण तिचा दिवस मोडलेला कोणत्याच वहींत लिहिला जात नाहीं. घरांत ताप येऊन गेला असेल तर धार कोण काढतें व पाणी कोण उचलतें, याची फेरवांटणी आधीं करावी.

काय करावें

पहिली गोष्ट, ताप सुरू झाल्याची तारीख भिंतीवरच्या पंचांगावर लिहून ठेवावी. महिना झाला कीं तीन महिने झाले, याचा पुढें वाद पडतो. आणि डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात.

दुसरी गोष्ट, कामावर परत यावयाचें तें पायरीपायरीनें. खतावलेलें पीक एकदम पाण्यानें भरून काढूं नये हें आपण जाणतों. पहिले तीन चार आठवडे नांगर, पाठीवरचा फवारणीचा पंप, पोत्यांची चढउतार व खोल वांकून करावयाचीं कामें टाळावीं. देखरेख, राखण, दारें धरणें, जवळपास चालणें यांनीं आरंभ करावा. नियम एकच ध्यानांत ठेवावा: आज केलेल्या कामानें उद्यां सकाळीं दुखणें किंवा थकवा वाढला, तर तें काम निम्म्यावर आणावें, न वाढल्यास आठवड्यानें थोडें वाढवावें. एखाद्या दिवशीं बरें वाटतें म्हणून राहिलेलें सारें काम उरकूं पाहणें, हीच बहुतेकांची चूक होते, व ती चार दिवसांचें अंथरूण धरविते.

तिसरी गोष्ट, अगदीं निजूनहि राहूं नये. सकाळीं कोमट पाण्यांत हात बुडवून मुठी वळाव्या व सोडाव्या. कणकेचा गोळा हळू दाबावा. घोटे व गुडघे न ताणतां हलवावे. सांधा सुजून ऊन लागत असेल तेव्हां मात्र थंड पट्टी ठेवून त्यास विसांवा द्यावा.

चौथी गोष्ट, शेजारधर्माची. सावड व इर्जिक या आपल्या जुन्या रीति आहेत. घरांत सुतक असेल तर गांव पेरणी करून देतो. ताप गेलेल्या पण मूठ न वळणाऱ्या मनुष्याची एक पेरणी किंवा एक काढणी त्याच रीतीनें करून द्यावी. एक हंगाम सांभाळला गेला तर रान बटईनें जात नाहीं व कर्जहि होत नाहीं.

काय टाळावें

पहिल्या आठवड्यांत चिकुनगुनिया व डेंग्यू यांचीं लक्षणें फार सारखीं असतात. डेंग्यू नाहीं अशी डॉक्टरांची खात्री होईपर्यंत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या गोळ्या घेऊं नयेत. त्यांनीं रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापास व दुखण्यास पॅरासिटामॉल, तेंहि सांगितलेल्या मात्रेनेंच. पुढेंहि वेदनाशामक गोळ्या दुकानांतून परस्पर आणून महिनोन्महिने खाल्ल्यास पोटांत व्रण होतात व मूत्रपिंडें बिघडतात.

“एका सुईंत मोकळें” करणाऱ्यांपासून विशेष सावध राहावें. अशा सुईंत बहुधा स्टेरॉइड जातीचें औषध असतें. तें सूज दाबून टाकतें म्हणून दोन दिवस चमत्कार वाटतो. उतार पडल्यावर दुखणें उसळतें. वारंवार घेतल्यास रक्तांतील साखर चढते, हाडें ठिसूळ होतात व शरीराची प्रतिकारशक्ति खालावते. तें औषध वाईट आहे असें नव्हे. तज्ज्ञ डॉक्टर प्रसंगीं तें मोजून देतात. पण बाजाराच्या दिवशीं न विचारतां टोंचून घेण्याची ती वस्तु नव्हे. आमच्या भावानें त्या सुया घेतल्या, त्या दुखण्याच्या भीतीनें नव्हे, आमच्या शब्दाच्या भीतीनें, हें आम्हांस पुढें उमजलें.

सर्वच कांहीं “तापाचें मागें राहिलेलें” म्हणून सोडून देऊं नये, हेंहि तितकेंच खरें. सांध्याची सूज तीन महिन्यांनंतर टिकली, ताप पुनः आला, वजन उतरूं लागलें, हातापायास बधिरता आली, दृष्टि अंधुक झाली, तर डॉक्टरांकडे जावें; छातींत दुखूं लागलें, बसल्या जागीं धाप लागली, किंवा एक बाजू लुळी पडली, तर त्याच घटकेस जावें. खरा संधिवात या तापाच्या आडून सुरू होतो असेंहि घडतें. त्याचें औषध निराळें व लवकर सुरू केल्यास गुणकारी असतें. थकवा फारच लांबल्यास रक्त व साखर तपासून घ्यावी.

मूळ कारणाचा बंदोबस्त

हा ताप एडिस जातीच्या डासांनीं पसरतो. ते बहुधा दिवसा चावतात, व स्वच्छ सांठविलेल्या पाण्यांत वाढतात. जनावरांचा हौद, फवारणीचें पिंप, रांजण, जुने टायर, गोठ्यामागें पडलेले डबे हीं त्यांचीं घरें. अंड्यापासून डास होण्यास आठ दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यांतून एक दिवस सर्व भांडीं कोरडीं करावीं. नुसतें पाणी ओतून भागत नाहीं. अंडीं भांड्याच्या कडेस चिकटून कोरडींहि महिनोन्महिने जिवंत राहतात, तेव्हां कडा घांसून काढाव्या. मोठा हौद रिकामा होत नसेल तर त्यांत गप्पी मासे सोडावे. आणि रोग्यास पहिला आठवडा दिवसाहि मच्छरदाणींत ठेवावें; त्यास चावलेला डासच पुढें शेजाऱ्यास रोग देतो.

शेवटीं

२०२४ सालच्या भाद्रपदांत आम्ही पुण्याहून गांवीं परत आलों तेव्हां ताप जाऊन तीन आठवडे झाले होते. दिसण्यांत आम्ही धडधाकट होतों. भेटावयास येणारे दुपारीं येत व “आतां ठीक दिसतां” म्हणून जात. सकाळीं मात्र आम्हांस सदऱ्याची गुंडी लावतां येत नव्हती, आणि ज्या बोटांनीं तीस वर्षें सरकारी वह्या लिहिल्या त्यांत लेखणी ठरत नव्हती. वांटणीनंतर भावाचें घर वेगळें झालें असलें तरी अंगण एकच आहे. तो रोज उजाडतां उजाडतां येई, कोमट पाण्याची घंगाळ आमच्यापुढें ठेवी, व एवढेंच विचारी, “दादा, आज मूठ वळते का?” आमचें दुखणें पुरतें उतरावयास सात महिने लागले. तेवढ्या दिवसांत त्यानें जुनी गोष्ट एकदांहि काढली नाहीं. आम्हींच ती एके सकाळीं काढली, व अठरा वर्षांनीं त्याची माफी मागितली.

तेव्हां वाचकांस आमची विनंति एवढीच. घरांत कोणाचा ताप उतरला व दुखणें मागें राहिलें, तर तें खरें आहे कीं खोटें याचा पंचनामा करीत बसूं नये. तें बहुतांशीं खरें असतें, पुष्कळांस होतें, आणि बहुतेकांचें फिटतें. त्यास फक्त मुदत द्यावी लागते. आणि मत बनविण्यापूर्वीं त्या मनुष्यास एकदां सकाळीं जाऊन पाहावें.